तुरुंगात कोणाच्या हाती करवत, कोणाच्या हाती झाडू?

गणेशोत्सव जवळ आला की नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातल्या बंद्यांनी घडवलेल्या मूर्तींची बातमी येते. दिवाळीत येरवड्याच्या लाकडी फर्निचरची आणि सतरंज्यांची येते. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहातल्या बंद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळल्याचेही आपण वाचले आहे. मथळ्यात सुधारणा, पुनर्वसन, नवी दिशा हे शब्द असतात आणि फोटोत अधिकारी हसत असतात. बंद हातांना काम मिळते याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण या बातम्यांत एक प्रश्न कधीच येत नाही. ज्या दिवशी त्या मूर्ती रंगवल्या जात होत्या त्या दिवशी त्याच कारागृहातले संडास कोण साफ करत होते? आणि त्या माणसाला कोणत्या कौशल्याचे प्रमाणपत्र मिळाले?

हा प्रश्न कोणाला आगाऊपणाचा वाटेल. पण ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकृतपणे विचारला आहे. पत्रकार सुकन्या शांता यांनी देशभरातल्या तुरुंगांतील जातीय कामवाटपाचा शोध घेऊन लिहिले, मग त्या स्वतःच याचिकाकर्त्या झाल्या. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने अनेक राज्यांच्या कारागृह नियमपुस्तिकांतील तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. त्या तरतुदी काय होत्या ते नीट पाहा. उत्तर प्रदेशची नियमपुस्तिका सांगत होती की साध्या कैदेतल्या माणसाला हलके समजले जाणारे काम देऊ नये. मात्र तो असे काम करण्याची सवय असलेल्या समाजातला असेल तर द्यायला हरकत नाही. पश्चिम बंगालची पुस्तिका सफाईसाठी मेहतर, हरी अशा जातींची नावे घेत होती आणि स्वयंपाक 'योग्य' जातीच्या बंद्याकडून करून घ्या म्हणत होती. उत्तर प्रदेशची ही पुस्तिका ब्रिटिशांच्या कपाटातली नव्हे, २०२२ सालची आहे. न्यायालयाने अनुच्छेद १४, १५, १७, २१ आणि २३ यांचा भंग झाल्याचे सांगितले. म्हणजे समतेचा भंग तर आहेच, शिवाय अस्पृश्यता आहे आणि वेठबिगारीही आहे.

आता कौशल्य प्रशिक्षणाकडे येऊ. 'सवय असलेला समाज' या एका कल्पनेत भारतीय तुरुंगातल्या श्रमाचा सगळा इतिहास भरलेला आहे. ज्याला सवय आहे त्याला शिकवायची गरज नाही, आणि ज्याला काही शिकवायचे आहे तो त्या सवयीच्या वरचा. ही विभागणी कोणी एका रात्रीत केलेली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनी सरकार कैद्यांना साखळदंड घालून रस्त्यांच्या कामावर पाठवत असे. मेकॉले ज्या समितीत होता त्या तुरुंग शिस्त समितीने १८३८ मध्ये अहवाल दिला आणि रस्त्यांवरची कामे बंद करून भिंतीच्या आत कंटाळवाणी, थकवणारी मजुरी द्यावी असे सुचवले. शिक्षण, नैतिक उपदेश, चांगल्या वर्तणुकीचे बक्षीस, यांतले काहीही समितीला नको होते. माणूस सुधारावा हा हेतूच नव्हता, त्याला धाक बसावा एवढाच होता. हा तोच मेकॉले, ज्याच्या शिक्षणविषयक टिपणावर आपल्याकडे अजून वाद चालतात. त्याच्या तुरुंगावर मात्र कोणी वाद घालत नाही.

त्यानंतर जे घडले ते आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे. १८४० च्या दशकात बंगाल आणि बिहारच्या तुरुंगांत सरकारने सर्व कैद्यांना एकत्र शिजवलेले अन्न द्यायला सुरुवात केली. तोपर्यंत कैद्याला भत्ता मिळे आणि तो आपली चूल वेगळी मांडे. सामायिक भटारखान्याला उच्चजातीय कैद्यांनी जोरदार विरोध केला. १८५५ मध्ये धातूचा लोटा हत्यार म्हणून वापरता येतो या भीतीने तो काढून मातीचे भांडे देण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा आरा आणि मुझफ्फरपूर इथे दंगे झाले. मुझफ्फरपुरात तर गावचे लोकही कैद्यांच्या बाजूने उतरले आणि लोटे परत द्यावे लागले. राष्ट्रवादी इतिहासकार याला परकीय सत्तेविरुद्धचा उठाव म्हणतात. असेल. पण त्या उठावातून कोणाला काय मिळाले? सरकारने धडा घेतला की तुरुंग शांत ठेवायचा तर जातीला हात लावायचा नाही. पुढे स्वयंपाकी वरच्या जातीचा आणि सफाईवाला ठरलेल्या जातीचा, हे तुरुंगाच्या शिस्तीचेच कलम झाले. जो कैदी त्या दंग्यात नव्हता, ज्याचा लोटा कोणी काढून घेतला नव्हता, कारण त्याच्याकडे बहुधा लोटाच नव्हता, त्याच्या हातात झाडू कायमचा आला.

अंदमानचा कोलू आपल्या शालेय पुस्तकांत आहे, भाषणांत आहे, सिनेमांत आहे. तुरुंगातली मजुरी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर तोच येतो. मेहतर कैद्याच्या झाडूवर मी आजवर एकही धडा पाहिलेला नाही.

याच काळात तुरुंगातले उद्योग उभे राहिले. १८५५ पासून पंधरा वर्षे बंगालच्या तुरुंगांचा महानिरीक्षक असलेल्या डॉ. मोएट याने मेकॉलेच्या निरर्थक मजुरीऐवजी कारखान्याचा पुरस्कार केला. छापखाना, ताग, विणकाम असे उद्योग भिंतीच्या आत चालू झाले. कैद्याला हुन्नर येईल आणि सरकारला पैसा मिळेल, असा दुहेरी युक्तिवाद होता. त्यातला दुसरा भाग पहिल्याला लवकरच गिळून बसला. तुरुंगातल्या गालिच्यांना विलायतेत मोठी मागणी होती. आग्रा तुरुंगातल्या कैद्यांनी राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवासाठी विणलेला प्रचंड गालिचा आजही विंडसर किल्ल्याच्या वॉटर्लू दालनात आहे. आपल्या येरवड्याचे गालिचेही त्या काळात नावाजलेले होते. गालिचा कोणत्या तुरुंगात विणला ते लोक सांगतात, पण विणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव सांगता येत नाही. आणि सुटून गेल्यावर त्यांच्यापैकी कितीजण गालिचे विणून जगले, हा हिशेब ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही. तुरुंगाच्या नफ्याचा हिशेब मात्र दरवर्षी काटेकोर निघत असे.

१८९४ चा तुरुंग कायदा आला. त्याने मजुरीला नऊ तासांची मर्यादा घातली. तो कायदा सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चालला. १९१९-२० मध्ये कार्ड्यू समितीने देशोदेशीचे तुरुंग पाहून प्रथमच स्पष्ट सांगितले की धाक पुरेसा नाही, कैदी सुधारून बाहेर पडला पाहिजे. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला सुधारणावादी दंडनीती याच समितीपासून शिकवली गेली. त्या संपूर्ण प्रकरणात जात हा शब्द आल्याचे मला आठवत नाही. आणि त्याच वर्षांत, त्याच सरकारच्या हाताखाली, सोलापुरात काय चालले होते हेही त्या प्रकरणात नव्हते.

सोलापुरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आजही आहे. जुन्या माणसांना विचारा, ते तारेच्या कुंपणाबद्दल सांगतील. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सगळीकडे लागू करता येऊ लागला. कैकाडी, भामटा, कंजारभाट, छप्परबंद अशा, आज ज्यांना आपण विमुक्त म्हणतो त्या, समाजांतील माणसे जन्मानेच गुन्हेगार ठरली. नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार वर्षांच्या मुलालाही आईबापांपासून तोडून सुधारगृहात टाकण्याची सोय केली होती. या माणसांना 'प्रामाणिक उद्योग' शिकवण्यासाठी सोलापूर, हुबळी, विजापूर, गदग इथे वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच्या वसाहतीतली माणसे कापड गिरण्यांत कामाला जात आणि परत कुंपणात येत.

हा भारतातला सर्वांत मोठ्या प्रमाणावरचा उपजीविका आणि कौशल्य प्रशिक्षणाचा कार्यक्रम होता, असे म्हटले तर काय चुकले? शाळा होती, उद्योग होता, नोकरीची हमी होती, सरकारी देखरेख होती. आजच्या योजनांच्या माहितीपत्रकात जे जे असते ते सगळे होते. फक्त एक गोष्ट नव्हती. तिथल्या माणसाने कोणताही गुन्हा केलेला असणे गरजेचे नव्हते. गिरणीला स्वस्त आणि पळून न जाणारा मजूर मिळाला, सरकारला सुधारणेचे श्रेय मिळाले. ज्याच्या हातात आधीच टोपल्या विणण्याचे, मीठ-धान्य वाहण्याचे, औषधी जाणण्याचे पिढीजात ज्ञान होते, त्याला अकुशल ठरवून मग कुशल करण्याचा खटाटोप झाला.

या वसाहतींचे काम मुंबई इलाख्यात ज्यांनी सांभाळले ते अधिकारी म्हणजे ओ. एच. बी. स्टार्ट. आंबेडकरी वाचकाला हे नाव दुसऱ्या ठिकाणी भेटलेले असेल. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिम जमातींच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच स्टार्ट. समितीत ठक्कर बाप्पा होते, डॉ. सोळंकी होते आणि बाबासाहेब होते. १९३० च्या तिच्या अहवालात वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या आहेत. गिरण्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करणाऱ्या मुलांसाठी विद्यावेतन आहे. परदेशात जाऊन अभियांत्रिकी शिकण्यासाठीही शिष्यवृत्ती आहे.

अधिकारी एकच, काळ जवळपास एकच, इलाखा एकच. कुंपणाच्या आतल्या योजनेत माणूस गिरणीच्या दारापर्यंत पोचतो आणि संध्याकाळी हजेरीला परततो. बाबासाहेब बसलेल्या समितीत अस्पृश्याचा मुलगा परदेशातून इंजिनिअर होऊन येऊ शकतो. स्टार्ट हे वाईट माणूस होते असे मला म्हणायचे नाही. त्या काळच्या अधिकाऱ्यांत ते सहानुभूती असलेले होते असेच दिसते. पण टेबलाभोवती कोण बसले आहे यावर प्रशिक्षणाची उंची ठरते. वसाहतीच्या टेबलाभोवती वसाहतीतला एकही माणूस बसलेला नव्हता.

गिरणीचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण कौशल्य शिकवले की प्रश्न सुटतो असे मानणाऱ्यांना ती कधीच सांगितली जात नाही. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरी मिळे ती विणाईत, म्हणजे कामगारांच्या भाषेत साचाखात्यात. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, आणि महाराच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. आता एक साधा तर्क करा. समजा त्या काळी एखादा महार माणूस येरवड्यात किंवा अन्य कुठे सक्तमजुरी भोगताना उत्तम विणकर झाला. सुटून तो परळला गेला. तुरुंगाने दिलेले हुन्नर त्याच्या हातात होते, पण साचाखात्याचे दार त्याच्या जन्मावर बंद होते. त्याने परत झाडू धरला असेल तर तो प्रशिक्षणाचा दोष म्हणायचा की त्याच्या 'सवयीचा'? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन' लिहिताना जातीला श्रमविभागणी म्हणून सजवणाऱ्यांची हीच खोड काढली होती: जात कामे वाटून देत नाही, काम करणारी माणसेच वर-खाली कप्प्यांत बंद करते.

येरवडा हे नाव आपल्याला २४ सप्टेंबर १९३२ साठी माहीत आहे. त्याच तुरुंगात गांधी चरखा चालवत. राजकीय कैद्याच्या सूतकताईला व्रत म्हणून मान मिळाला, कारण ती त्याने निवडलेली होती. शेजारच्या बराकीतल्या अनाम कैद्याला रजिस्टरात लिहून दिलेले काम करावे लागे, आणि त्याला व्रत म्हणायला कोणी आले नाही.

सगळा इतिहास काळाच आहे असे मात्र नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने ती सुरू झाली. भिंत नाही, गज नाहीत. बंद्याने जमीन कसायची, बायकामुलांना सोबत ठेवायचे. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ मध्ये आला तो याच प्रयोगावरून. कथा त्याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांची. चित्रपटात भाव खाऊन जातो तो उदार जेलर, आणि सहा कैद्यांच्या जातीचा विषय निघत नाही, हे सोडून देऊ. मला स्वतंत्रपूर महत्त्वाचे वाटते ते दुसऱ्या कारणासाठी. इथे माणसाला 'कौशल्य' म्हणून काही दिले नाही, जमीन कसायला दिली आणि कुटुंब तोडले नाही. भूमिहीनाच्या हातात नांगर नसतो तो नांगर चालवता येत नाही म्हणून नव्हे, जमीन नाही म्हणून. पुढे पैठणला आणि अन्यत्र खुली कारागृहे झाली, पण तिथवर पोचतात ते मुख्यतः दीर्घ शिक्षा झालेले, चांगल्या वर्तणुकीचे, निवडलेले बंदी. मूठभरच.

स्वातंत्र्यानंतर समित्या पुष्कळ झाल्या. १९८३ च्या मुल्ला समितीने प्रशिक्षण, वाजवी मजुरी आणि सुटकेनंतरची मदत यांवर सविस्तर लिहिले. स्त्री बंद्यांसाठी १९८७ मध्ये न्या. कृष्ण अय्यर समितीचा अहवाल आला. २००३ आणि २०१६ च्या आदर्श नियमपुस्तिका आल्या, २०२३ मध्ये आदर्श कायद्याचा मसुदा आला. कागद चांगले आहेत. म्हणून प्रत्यक्षात काय आहे ते पाहू.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशाच्या कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे आपल्या बोलीत कच्चे कैदी. चारातले तीन. यांच्यावर गुन्हा सिद्ध झालेला नाही, म्हणून त्यांना मजुरी लावता येत नाही. हे बरोबरच आहे. पण कारखाना, प्रशिक्षण, मजुरी, मजुरीवर मिळणारी सूट हे सगळे शिक्षाबंद्यांभोवती रचलेले असल्याने तीन चतुर्थांश माणसांच्या वाट्याला रिकामे बसणे येते. आणि जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून वर्षानुवर्षे आत राहणारा माणूस कोणत्या वस्तीतला असतो हे वाचकाला सांगायला नको. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती १६.६ टक्के, तुरुंगात मात्र पाचातला एक तरी आपला. घरून मनिऑर्डर येणारा बंदी कॅन्टीनमधून साबण, बिस्किटे घेतो. न येणारा त्याचे कपडे धुतो, त्याची जागा झाडतो, त्या बदल्यात साबणाचा तुकडा मिळवतो. या व्यवहाराची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. नियमपुस्तिकेतली जात खोडली तरी हा व्यवहार खोडला जात नाही.

शिक्षाबंद्यांच्या मजुरीचे पाहा. १९९८ मध्ये गुजरात राज्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंद्याला न्याय्य मजुरी द्यावी, राज्यांनी ती ठरवण्यासाठी समित्या नेमाव्यात, त्यातला काही भाग गुन्ह्याच्या बळींसाठी काढून ठेवावा असे सांगितले. महाराष्ट्रात २०२३ च्या वाढीनंतरही कुशल बंद्याची दिवसाची मजुरी शंभर रुपयांच्या आत होती. बाहेर सुताराची दिवसाची मजुरी काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. २०२२ मध्ये येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू झाली. राज्य सहकारी बँकेने बंद्याला ७ टक्के व्याजाने ५० हजारांपर्यंत कर्ज द्यायचे, घरच्यांच्या गरजेसाठी, आणि फेड त्याच्या मजुरीतून. कल्पना चांगली आहे, बंद्याला बँकेने पतदार मानणे ही लहान गोष्ट नव्हे. पण शंभराच्या आतल्या मजुरीत ५० हजार फेडायचे म्हणजे व्याज सोडून, एक पैसाही खर्च न करता, पाचशेहून जास्त कामाचे दिवस. कर्ज देता येते तर मजुरी का वाढवता येत नाही, हे मला समजलेले नाही.

स्त्रियांच्या विभागात शिलाई, पापड, मेंदी, ब्युटी पार्लर. बाई आत आली तरी तिने शिकायचे तेच जे बाहेर तिच्याकडून अपेक्षित आहे. वीजजोडणी किंवा वाहन चालवणे शिकवण्याची कल्पनाच क्वचित पुढे येते.

मग सुटका होते. हातात प्रमाणपत्र असते आणि त्यावर अनेकदा कारागृहाचाच शिक्का असतो. तो कागद कोणाला दाखवायचा? पोलीस पडताळणी मागणारी नोकरी गेली, सिक्युरिटी गार्डची गेली. उरते ते काम ज्यासाठी कोणीच पडताळणी मागत नाही. नालेसफाई, कचरा, ड्रेनेजच्या कंत्राटदाराकडचा रोजंदारीचा ट्रक. तिथे जात विचारायची गरज पडत नाही, कारण तिथे येणाऱ्यांची जात आधीच ठरलेली असते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'प्रयास'सारखे प्रकल्प १९९० पासून या टप्प्यावर काम करत आले आहेत. ते मोलाचे आहे, पण प्रश्नाच्या आकारापुढे अशी कामे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी आहेत.

तुरुंगात विपश्यनेची शिबिरे होतात, तेव्हा आपल्यातल्या अनेकांना आनंद होतो. मलाही होतो. पण तथागतांनी गुन्हेगाराशी आणि सफाई करणाऱ्याशी कसा व्यवहार केला हे बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पुन्हा वाचावे. सुनीत भंगी होता. तथागतांनी त्याला अधिक चांगला झाडू दिला नाही, कमी वेळात जास्त रस्ता कसा झाडावा हे शिकवले नाही. त्याला भिक्खू संघात घेतले, जिथे आधी प्रवेश केलेल्याला नंतर आलेला राजपुत्रही वंदन करी. अंगुलिमालाला पकडायला सैन्य घेऊन निघालेल्या प्रसेनजित राजाने त्याला चीवरात पाहिले तेव्हा जुना गुन्हा उकरला नाही, उलट त्याच्या गरजेच्या वस्तू देऊ केल्या. लोकांनी मात्र भिक्षेला निघालेल्या अंगुलिमालाला दगड मारले. म्हणजे सुटलेल्या माणसाला समाज काय करतो हेही पाली साहित्यात लपवलेले नाही. पुनर्वसन म्हणजे काय याची एवढी स्पष्ट व्याख्या मला कोणत्याही समितीच्या अहवालात सापडलेली नाही: जुने काम सुटले पाहिजे, दर्जा बदलला पाहिजे आणि राज्याने आपला शब्द पाळला पाहिजे.

परत २०२४ च्या निकालाकडे. न्यायालयाने राज्यांना तीन महिन्यांत नियमपुस्तिका सुधारायला सांगितले. बंद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितले. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा २०१३ चा कायदा कारागृहांनाही बंधनकारक आहे हे स्पष्ट केले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित तपासणी करावी असाही आदेश आहे. निकालाचे आपण स्वागत केले, पेढे वाटले, पोस्ट लिहिल्या. पण पुढचे काम आपल्याकडे आहे आणि ते जरा किचकट आहे.

गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात एक तक्ता बंद्यांच्या सामाजिक वर्गाचा असतो. दुसरा तक्ता प्रशिक्षणाचा असतो, त्यात शिवणकाम, विणकाम, सुतारकाम, शेती असे व्यवसाय आणि शिकलेल्या बंद्यांची संख्या असते. हे दोन तक्ते एकत्र कधीच येत नाहीत. सुतारकाम शिकलेल्यांत अनुसूचित जाती किती, भटके-विमुक्त किती. सफाईवर, भटारखान्यात, कार्यालयीन लिखापढीवर कोण, हे त्या अहवालात कुठेही मिळत नाही. रजिस्टरातला रकाना गेल्यावर भेदभाव थांबेल की फक्त दिसेनासा होईल, हे याच माहितीवर अवलंबून आहे. बंद्याला कोणत्या कामावर ठेवायचे हे ठरवताना जात पाहू नका, आणि वर्षाअखेर ठरवलेले काम कोणत्या समाजाच्या वाट्याला आले ते मात्र नावे न घेता मोजा, असे दोन्ही एकाच वेळी करता येते. आरक्षणाच्या बाबतीत आपण सरकारी खात्यांकडून हेच मागत आलो आहोत.

म्हणून आपापल्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी आणि वकील मित्रांनी माहिती अधिकारात निदान एवढे मागावे. निकालानंतर आपल्या मध्यवर्ती किंवा जिल्हा कारागृहाची विधी सेवा प्राधिकरणाने किती वेळा तपासणी केली, त्या तपासणीच्या अहवालांच्या प्रती. गेल्या वर्षभरात सफाईचे काम किती बंद्यांनी केले, त्यासाठी कोणत्या वर्गाची मजुरी दिली, कुशल की अकुशल. किती न्यायाधीन बंद्यांना त्यांच्या इच्छेने प्रशिक्षण दिले. प्रमाणपत्र कोणत्या संस्थेच्या नावे दिले आणि त्यावर कारागृहाचा उल्लेख आहे का. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. बाबासाहेबांच्या नावाने दर वर्षी जे अभिवादनाचे फलक लागतात, त्यांतल्या एका फलकाच्या खर्चात राज्यातल्या सगळ्या कारागृहांना हा अर्ज जाऊ शकतो.